जुन्या पिकअपचं मागचं सस्पेन्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी पिकअप घेतलेल्या माणसांच्या तक्रारी तीनच असतात. गाडी मागून बसलीय, एका अंगाला कललीय, नाहीतर खडखडतेय. तिन्हींच्या शेवटी विचारणा एकच : "पाटे बदलू का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "आधी मोजा" असं असतं, कारण पाटा (पोलादी पट्ट्यांची लीफ स्प्रिंग) स्वतः गेलेला असण्यापेक्षा पाट्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी गेलेल्या असण्याचं प्रमाण मी जास्त पाहिलं आहे. बुश (पाट्याच्या डोळ्यात बसणारी, बहुधा रबरी नळी), शॅकल, यू-बोल्ट आणि चेसिसवरचा ब्रॅकेट हे यातले नेहमीचे. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं पाट्यांच्या गाड्यांसाठी आहेत. मागे कॉइल स्प्रिंग असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

१. मागे नेमकं काय काय असतं आणि कोण काय काम करतं?

एका बाजूला पाट्यांची एक थप्पी असते. सर्वांत लांब पाटा तो मुख्य पाटा, त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चेसिसवरच्या ब्रॅकेटमध्ये बोल्टने पक्का बसतो. मागचा डोळा शॅकलला, म्हणजे झोक्यासारख्या हलणाऱ्या दोन पट्ट्यांना, लटकतो. पाटा दबला की सरळ होतो, सरळ झाला की लांबतो, आणि ती वाढलेली लांबी शॅकल मागे सरकून सामावून घेतं. थप्पीच्या मध्यातून सेंटर बोल्ट जातो. त्याचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, आणि वरून यू-बोल्ट सगळं आवळून धरतात. वजन पाटा पेलतो, उसळी शॉकअप आवरतो.

पाटा फक्त स्प्रिंग नाही हे लक्षात ठेवा. एक्सल पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जागेवर ठेवण्याचं कामही तोच करतो. म्हणून पाट्याच्या जोडांतला ढिलेपणा थेट स्टिअरिंगवर जाणवतो.

२. गाडी मागून बसली आहे हे कसं ठरवायचं?

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सपाट जागी गाडी उभी करा, हौदा रिकामा करा, चारही टायरची हवा सारखी करा. हौद्याचा मागचा कोपरा धरून दोन-चार वेळा दाबा आणि सोडा, म्हणजे पाटे घर्षणात अडकले असतील तर मोकळे होतील. मग दोन मापं घ्या : चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आणि एक्सलच्या नळीपासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत. पहिल्या मापात पत्र्याचा वाकडेपणा मिसळलेला असतो. दुसरं माप खरं बोलतं.

बम्प स्टॉपही पाहा. त्या रबराच्या ठोकळ्याचा डाग एक्सलवर घासून चकचकीत झाला असेल, तर गाडी वारंवार शेवटपर्यंत दबते आहे. शॅकलचा कोनही बोलका असतो. रिकाम्या गाडीत शॅकलचं खालचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं. ते मागे जाऊन चेसिसला समांतर व्हायला आलं असेल तर पाटा सपाट झाला आहे.

३. गाडी एका बाजूला कलली आहे. म्हणजे त्याच बाजूचा पाटा गेला ना?

असेलच असं नाही. पुढचा एक स्प्रिंग बसला असेल तरी मागचा कोपरा खाली दिसतो. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावा आणि पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढं उचला. आता गाडी पुढे एकाच बिंदूवर टेकली आहे, त्यामुळे कल ठरवण्याचं काम फक्त मागच्या पाट्यांकडे आलं. एक्सलपासून चेसिसपर्यंतचं माप दोन्ही बाजूंना पुन्हा घ्या. फरक तेवढाच राहिला तर दोष मागे आहे. फरक गेला तर मागच्या पाट्यांना हात लावू नका. माप घेताना गाडीखाली शिरू नका, बाहेरून हात घालून घ्या.

डाव्या-उजव्यात ५-६ मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत मी मोजतच नाही. त्याच्या दुप्पट-तिप्पट झाला की मात्र कारण शोधतो. शोधताना चेसिसवरचे ब्रॅकेट विसरू नका (प्रश्न १५).

४. नवे शॉकअप टाकले तर मागचा भाग उचलेल का?

नाही. शॉकअप उंची देत नाही, फक्त हालचाल आवरतो. गॅसच्या शॉकअपमध्ये किंचित जोर असतो, पण त्याने बसलेला पाटा उठत नाही. हवा भरायचे शॉकअप मिळतात आणि ते गाडी उचलतातही. पण मग वजन शॉकअपच्या बोल्टवर आणि त्याच्या छोट्या ब्रॅकेटवर येतं, जे त्यासाठी बनवलेले नाहीत. तुटलेले असे ब्रॅकेट मी हातात घेऊन पाहिले आहेत.

शॉकअप गेला आहे का हे पाहायचं तर कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन हेलकावे घेतले तर गेला. नळीवर ओलं तेल दिसलं तर परीक्षेचीही गरज नाही.

५. रिकामी असताना मागून फार उडते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. पिकअपचे पाटे भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले असतात, रिकाम्या हौद्याला ते कडकच वाटणार. टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा तर नाही ना, ते आधी पाहा. ती उतरवून रिकाम्या गाडीच्या शिफारशीवर आणली तरी बरंच काम होतं. त्यानंतरही उडत असेल तर पाटे गंजून एकमेकांना चिकटले आहेत का ते बघा (प्रश्न १०).

६. हे काम घरी करता येईल का? काय लागेल?

येईल, पण एकट्याने नको आणि घाईत तर नकोच. पक्की सपाट फरशी, चांगला जॅक, चार मजबूत घोड्या (जॅक स्टँड), पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पान्हे, सॉकेट, लांब दांडा, टॉर्क रेंच, दोन मोठे सी-क्लॅम्प, कटर आणि भरपूर मुरणारं तेल.

क्रम असा : मागचा भाग उचलून घोड्या चेसिसखाली लावा, पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे. एक्सलखाली जॅक वेगळा ठेवा, त्याने एक्सल वर-खाली करता आला पाहिजे. शॉकअप सोडण्याआधी ब्रेकच्या लवचीक नळीकडे बघा. चेसिसवरून एक्सलवर येणारी ही नळी शॉकअप सुटल्यावर एक्सलच्या वजनाने ताणली जाते आणि आतून फाटते. बाहेरून काही दिसत नाही. हँडब्रेकच्या केबलचंही तेच.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जागेवर असली की एक्सल फिरत नाही, आणि काय कुठे होतं याचा नमुना समोर राहतो.

७. शॅकलचा बोल्ट हलायलाच तयार नाही. काय करू?

अर्धा दिवस यातच जातो हे गृहीत धरा. आदल्या दोन-तीन रात्री मुरणारं तेल सोडत राहा. नट सुटतो पण बोल्ट सरकत नाही, तेव्हा तो बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. नट पुन्हा टोकाला लावून ठोका, नाहीतर आटे चेपतील. तरीही हलला नाही तर शॅकलच्या पट्टी आणि डोळ्याच्या मधल्या फटीतून बोल्ट दोन्हीकडे कापून टाका. नवा बोल्ट आणि नवा बुश घालायचेच आहेत, मग जुन्याची दया कशाला?

बुशचं बाहेरचं कवच डोळ्यात अडकलं तर रबर ड्रिलने पोखरून काढा. मग हॅक्सॉचं पातं डोळ्यातून ओवून कवचाला आतून एक चीर द्या. चीर कवचापुरतीच ठेवा, डोळ्याला ओरखडा पडला तर उद्या तिथूनच तडा जाईल. चीर पूर्ण झाली की कवच आत दुमडतं आणि हलक्या ठोक्याने बाहेर येतं. मुख्य पाट्याच्या डोळ्यावर गॅसची ज्योत लावू नका, कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

८. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेऊ की नवे घेऊ?

पाटे उतरले की थप्पीला दोन सी-क्लॅम्प लावा, मग सेंटर बोल्ट काढा, आणि क्लॅम्प हळूहळू सोडा. पाट्यांची कमान वेगवेगळी असल्यामुळे थप्पीत ताण असतो, नट काढताच ती उसळते. एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासा आणि उजेडात धरा. तडे दोन ठिकाणी सापडतात : सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, आणि खालच्या पाट्याचं टोक जिथे वरच्यावर टेकतं तिथे. तिथे नखाला अडकेल एवढी खाच पडली असेल तर तो पाटा बाद.

तडे नसतील तर कमान देऊन घेणं शहाणपणाचं आहे, विशेषतः जुन्या गाडीचे अस्सल पाटे असतील तर. पण पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमचं असतं आणि त्याचा जोर पाणी देण्यातून आलेला असतो. जाणकार कारागीर थंड अवस्थेत दाबून कमान देतो, किंवा तापवून वाकवल्यावर पुन्हा पाणी देऊन टेम्पर करतो. फक्त तापवून वाकवणारा माणूस भेटला तर पाटे उचला आणि घरी या. अशा पाट्याची कमान पहिल्या भरलेल्या फेरीत उतरते. वेल्डिंगही वर्ज्य. तुटलेला पाटा जोडता येत नाही.

दोन्ही बाजूंचे पाटे एकत्रच करा. कमान दिलेले किंवा नवे पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, तेव्हा सुरुवातीची जास्तीची उंची पाहून घाबरू नका.

९. एक पाटा जास्त टाकला तर गाडी उचलेल ना?

उचलेल, आणि कडकही होईल. किती, याचा हिशेब सोपा आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा टाकला की कडकपणा ढोबळमानाने २० टक्के वाढतो. पण जाडीचा परिणाम घनात जातो. ७ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा ८ मिलिमीटरचा पाटा घेतला तर तो जवळपास दीडपट कडक होतो. "थोडा जाड टाक" म्हणताना हा आकडा डोक्यात असू द्या.

जास्तीचा पाटा बसलेली थप्पी लपवतो, दुरुस्त करत नाही. अधूनमधून वजन नेणारी गाडी असेल तर हेल्पर पाटा बरा, तो थप्पी ठरावीक खाली आल्यावरच टेकतो.

लांब शॅकल लावून उंची घेण्याचाही प्रश्न येतो. शॅकल ५० मिलिमीटर लांब केलं तर गाडी साधारण २५ मिलिमीटर उठते, कारण एक्सल पाट्याच्या मध्यावर आहे. सोबत पिनियनचं, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचं, नाक वर जातं (प्रश्न १३) आणि वळणावर मागचा भाग झुलायला लागतो. मला ते आवडत नाही.

१०. पाट्यांमध्ये ग्रीस भरावं का?

यावर दोन मेकॅनिकांचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही. माझं मत : थप्पी खोललीच आहे तर पाटे साफ करून ग्रॅफाइटयुक्त ग्रीसचा पातळ हात फिरवा. बाहेरून थापू नका, त्यात धूळ बसते आणि तीच कानसेचं काम करते. टोकांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या असलेल्या पाट्यांना ग्रीस नको. आणि पाट्यांमधलं सगळं घर्षण वाईट नसतं, तेही थोडी उसळी आवरतं.

११. रबरी बुश घ्यावेत की पॉलियुरेथेनचे? आणि ते कधी आवळायचे?

रोजच्या वापराला रबर. पॉलियुरेथेन टिकतो आणि गाडी घट्ट वाटते, पण धक्के जास्त पोचवतो आणि सिलिकॉन ग्रीस न लावल्यास कुरकुरतो. रबराला साधं ग्रीस लावू नका, फुगून मऊ पडतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो मी चूक करून शिकलो. पहिल्यांदा बुश बदलले तेव्हा गाडी घोड्यांवर, एक्सल लटकता. खाली बसायला ऐसपैस जागा होती म्हणून सगळे बोल्ट तिथेच कचकचून आवळले. गाडी खाली उतरवली तर मागून बोटभर उंच. खूश झालो! काही महिन्यांत उंची गेली आणि दर गतिरोधकावर मागून कर्रकन आवाज यायला लागला. खोलून पाहिलं तर चारही बुशचं रबर आतल्या नळीपासून गोल फाटलेलं. रबरी बुश घसरून फिरत नाही, तो पिळला जातो. लटकत्या स्थितीत आवळला की गाडी उभी असतानाही तो पिळलेलाच राहतो. म्हणून बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबा, आणि मग आवळा.

अपवाद : ग्रीस निपल असलेले जुने लोखंडी किंवा पितळी बुश आणि पिन. ते फिरतात, त्यांना कुठल्याही उंचीवर आवळलं तरी चालतं. त्यांना ग्रीस मात्र वेळच्या वेळी हवं.

१२. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरले तर? आणि सेंटर बोल्ट तुटतो कशाने?

यू-बोल्ट नवेच घ्या. ते आवळताना ताणले जातात, आटेही ओढले जातात. पुन्हा आवळल्यावर टॉर्क रेंच हवा तो आकडा दाखवेल, पण पकड तेवढी नसेल. चारही नट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर असताना, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हे कोणी करत नाही, आणि सेंटर बोल्ट तुटण्याचं मूळ तिथेच आहे. एक्सल धरून ठेवण्याचं काम यू-बोल्टच्या पकडीचं असतं, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. पकड ढिली पडली की सगळा झटका त्या बारक्या बोल्टवर येतो.

तो तुटल्याची खूण म्हणजे गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा, फरक लगेच कळेल. अशी गाडी चालवत नेऊ नका.

१३. पाटे नवे केले आणि आता गाडीला कंप येतो. काय चुकलं?

बहुधा काही चुकलं नाही, कोन बदलला. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन एकमेकांना पूरक असावे लागतात. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन जवळपास समांतर हवेत, साधारण एका अंशाच्या आत. गाडी चाकांवर असताना दोन्हीकडे कोनमापक लावून बघा. फरक असेल तर पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घालतात. ती पोलादाची घ्या, ॲल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट ढिले पडतात.

कंप फक्त जागेवरून निघताना येत असेल तर प्रकार वेगळा. तेव्हा एक्सल पाट्याला पीळ देऊन परत उसळतो. दमलेले पाटे किंवा ब्लॉक (प्रश्न १४) असले की हे वाढतं.

१४. गाडी मागून खाली घ्यायची आहे. ब्लॉक लावू का?

पाटा एक्सलच्या खाली असेल तर मध्ये ब्लॉक (लोखंडी ठोकळा) घालून गाडी खाली येते. ब्लॉक एकच ठेवा, एकावर एक रचू नका, आणि यू-बोल्ट त्या मापाचे लांब घ्या. आधी एक्सल आणि बम्प स्टॉपमधली जागा मोजा. जेवढी गाडी खाली, तेवढी ती जागा कमी.

एक्सल पाट्याच्या वर नेणारी किटही मिळतात. त्यात गाडी खूपच खाली येते, एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि बहुतेकदा चेसिसला वरून खाच घ्यावी लागते. एक्सल उलटा करून बसवायचा नाही, तसं केलं की गाडी पुढच्या गिअरमध्ये मागे जाते. हसू नका, हे मला खरंच विचारलं गेलं आहे.

१५. चेसिसवरचा ब्रॅकेटच कुजला आहे आणि तो रिव्हेटने ठोकलेला आहे.

रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने सपाट करा, मध्यावर पंच मारा, थोडं पोखरा आणि ठोकून बाहेर काढा. चेसिसचं भोक मोठं होऊ देऊ नका. नव्या ब्रॅकेटला १०.९ ग्रेडचे, भोकात घट्ट बसणारे बोल्ट लावा. ब्रॅकेट निघाल्यावर त्यामागची चेसिस हातोडीने ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत गंज आहे. मग पाट्यांचं काम थांबवून आधी चेसिस जाणत्या वेल्डरकडे न्या.

१६. माझ्या शेव्हरोलेट सी-१० ला मागे पाटेच नाहीत!

बरोबर. १९६० ते १९७२ च्या बहुतेक सी-१० ना मागे कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब आर्म आहेत. काही गाड्या मात्र पाट्यांवर आल्या, आणि १९७३ पासून पाटेच. त्या आर्मची रचना इतकी चांगली निघाली की नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या गाड्यांनी तशीच रचना २०२२ मध्ये स्वतंत्र सस्पेन्शन येईपर्यंत वापरली.

इथे एक्सल पुढे-मागे धरण्याचं काम आर्म करतात आणि डावी-उजवीकडे धरण्याचं काम पॅनहार्ड बार, म्हणजे चेसिसपासून एक्सलपर्यंतची आडवी दांडी. तो बार कमानीत फिरतो, म्हणून गाडी खाली घेतली की एक्सल एका बाजूला सरकतो आणि एक टायर हौद्याच्या जवळ जातो. उपाय म्हणजे लांबी जुळवता येणारा बार. आर्मच्या पुढच्या बुशना प्रश्न ११ चा नियम तसाच लागू.

१७. शॉकअपच्या जागी दांडा असलेला एक डबा आहे. हे काय?

लिव्हर शॉकअप. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या काही गाड्यांत असतात. आतलं तेल कमी होणं हा नेहमीचा दोष. भरायचं झाकण उघडून डँपरचं तेल भरा, ब्रेकचं तेल कधीच नाही. दांडा हाताने हलवून बघा : पूर्ण फेरीत सलग, जड विरोध हवा. मध्येच मोकळा पडत असेल तर आत हवा आहे किंवा सील गेलं आहे.

१८. सगळं नीट केलं, पण आता मागची चाकं ब्रेकमध्ये लवकर जाम होतात.

चेसिस आणि एक्सलच्या मध्ये एखादी बारीक दांडी किंवा स्प्रिंग दिसते का बघा. टोयोटा हायलक्ससारख्या काही पिकअपना तिथे वजनानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो. एक्सल चेसिसच्या जवळ आला की त्याला वाटतं हौदा भरला, आणि तो मागे जास्त दाब सोडतो. गाडी खाली घेतली असेल तर रिकाम्या हौद्यातही तो भरल्याचा दाब देतो. उलट गाडी उंच केली तर मागचे ब्रेक कमी पडतात, जे पटकन लक्षातही येत नाही. दांडीची लांबी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते, आणि मागच्या ब्रेकचा दाब गेज लावून तपासावा लागतो. ते होईपर्यंत ओल्या रस्त्यावर गाडी काढू नका.